लाव्ह्यावरचा मोह आणि माझ्या सहा चादरी

काटोलच्या पुढच्या डोंगरात तीन दिवस राहायला निघाले तेव्हा माझ्या सामानात सहा चादरी होत्या. त्यावरून घरात बरीच चेष्टा झाली. मी एका वसतिगृहाचं भांडार सांभाळते. दुसऱ्याच्या अंथरुणावर झोपायचं म्हटलं की मला झोप येत नाही, हे घरच्यांना माहीत आहे. तरीही दोन बायकांना सहा चादरी कशाला, याचं उत्तर माझ्याकडे होतं: दोन खाली, दोन वर, दोन जास्तीच्या. यादीत 'जास्तीच्या' हा रकाना नसेल तर ती यादीच नव्हे.

बरोबर माझी मोठी नणंद होती, कुसुमताई. त्या खाप्याला राहतात. कन्हानकाठची काळी जमीन, कपाशी, तूर. साठी उलटली तरी शेतात उभ्या असतात. त्या आदल्या संध्याकाळी नागपूरच्या बेशाला आमच्याकडे आल्या आणि माझी पिशवी बघून म्हणाल्या, "मोह वेचाले चाललो का दुकान टाकाले?"

मोह वेचायला बोलावणारी माझी शिकतानाच्या वसतिगृहातली जुनी मैत्रीण, पुष्पा. आम्ही दोघी नागपुरात एका खोलीत राहून शिकलो. मी शहरात राहिले, ती लग्न करून डोंगरातल्या गोंड वस्तीत गेली आणि आता गावाच्या वनहक्क समितीची अध्यक्ष आहे. तिचा फोन आला होता, "वंदे, ये यंदा. आम्ही आग न लावता मोह वेचून राहिलो. हात कमी पडतात."

आग न लावता म्हणजे काय, हे मला तेव्हा विचारावं लागलं, म्हणून इथेही सांगते. मोहाची फुलं मार्चमध्ये पहाटेपासून टपटप गळतात. बोराएवढं पिवळसर, रसाळ फूल. त्याच वेळी जंगलात पानगळ झालेली असते आणि फूल पाचोळ्यात हरवतं. म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळून टाकायचा, की जमीन साफ होते आणि फुलं दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. आग कधी झाडाखालीच विझते, कधी वाऱ्याबरोबर डोंगर चढते. पुष्पाने ग्रामसभेत भांडून एक हंगाम मागून घेतला होता: यंदा कोणीच काडी लावायची नाही, बघू काय होतं ते. पण एका जरी घराने आग लावली, तर बाकीची घरं थांबणार नव्हती, आणि पुन्हा तिचं कोणी ऐकणार नव्हतं.

"मग भीती कोणाच्या घराची आहे?" मी विचारलं.

"माह्याच," पुष्पा म्हणाली. "माही सासू."

गावाचं नाव मी देत नाही. गावानेच तशी अट घातली. मागे कोणीतरी तिथल्या धबधब्याचे फोटो टाकले आणि मग रविवारी गाण्याचे भोंगे घेऊन गाड्या यायला लागल्या.

पायऱ्यांचा डोंगर

काटोलच्या बाजूला संत्र्याच्या बागा संपल्या की डोंगर सुरू होतात. त्यांचा आकार आपल्याला इतका सवयीचा आहे की आपण नीट बघत नाही. हे डोंगर टोकदार नाहीत, पायऱ्यांचे आहेत. सपाट माथा, मग कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर दुसरा आला, तोही थिजला. असे थरावर थर. हा लाव्हा पश्चिमेकडून पसरत आला आणि नागपूरच्या आसपास संपला. आमच्या शहराचा पश्चिमेचा भाग त्याच्यावर बसलाय, पूर्वेचा त्याहून जुन्या खडकावर. इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की बेशात रोज नवी इमारत उठते आणि तिच्यासाठी काळ्या गिट्टीचे ट्रक येतात. ती गिट्टी म्हणजे हाच दगड.

पुष्पा आम्हाला न्यायला फाट्यावर आली होती. चालताना तिने दोन थरांच्या मधली विटकरी मातीची रेघ दाखवली. एक थर थिजल्यावर दुसरा येईपर्यंत जी माती झाली, ती वरच्या लाव्ह्याने भाजून निघाली. त्या रेघेपाशी दगडातून पाणी झिरपतं. आम्ही तिथे तोंड धुतलं. मार्च महिना, आजूबाजूला सगळं वाळलेलं, आणि दगडातून बोटभर धार.

दगड म्हणजे दगडच. कुठे बुडबुड्यांची भोकं, भोकांत पांढऱ्या गारगोट्या, कुठे भेगा. त्या भेगांतून झाडं उभी. खालच्या सपाटीवर जरा माती, तिथे साग. मधल्या पायऱ्यांवर मोह, तेंदू, धावडा. वर जिथे नुसता कातळ, तिथे सालई आणि पांढऱ्या खोडाचा कुलू, जणू कोणी चुना फासून ठेवलाय. कुसुमताईंनी वाकून माती चिमटीत घेतली.

"पुष्पा, माती एवढीच?"

"एवढीच. खाली टेकडीभर दगड."

"आमच्या वावरात कुदळ पुरी जाते तरी दगड लागत नाही," कुसुमताई म्हणाल्या. "हे झाडं खातात काय वं?"

"सोताचेच पानं खातात ताई. म्हणूनच तर भांडण आहे."

थोडं पुढे गेलो आणि कुसुमताईंच्या चपलेचा अंगठा तुटला. दगडाच्या धारेला त्यांनी अशा काही उपमा दिल्या की पुष्पा हसून खाली बसली. माझ्या यादीत सुतळी होती. मी ती काढली तेव्हा कोणी काही बोललं नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

जनाआजी

पुष्पाची सासू म्हणजे जनाआजी. ठेंगणी, काटक, तोंडात दात मोजके आणि जीभ पूर्ण. तिच्या पदराच्या गाठीत काडीपेटी असते. ती काढून विडी पेटवते आणि परत गाठ मारते. पुष्पाचं लक्ष त्या गाठीवर असायचं आणि ते आजीला ठाऊक होतं.

"अध्यक्ष पाहून राहिली," आजी मला म्हणाली. "म्हातारीच्या पदरावर पहारा. वाघावर नाही."

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, भेदराची भाजी वरून भरपूर सांबार घालून, आणि मागच्या वर्षीची वाळलेली मोहफुलं तिळाबरोबर कुटून केलेले लाडू. पुण्याकडच्या वाचकांसाठी: भेदरं म्हणजे टोमॅटो आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. लाडू चवीला मनुकांच्या जवळचा, पण वास वेगळा, दाट. आपल्याकडे मोह म्हटलं की लोक डोळा मारतात. इथे तो डब्यातला खाऊ आहे, आजारी माणसाचं पथ्य आहे आणि वर्षाच्या मिठामिरचीची सोय आहे. वस्तीत प्रत्येक घराची झाडं वाटलेली आहेत. कुंपण नाही, खूण नाही, तरी दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही. आमच्या बेशात गेटसमोर दुसऱ्याची गाडी लागली तर बैठक बोलवावी लागते.

आजीचं झाड वस्तीतलं सगळ्यात मोठं. मी तिला सरळ विचारलं, आग काहून लावावी वाटते?

"तुले गुडघे आहेत का?" आजी म्हणाली.

"आहेत."

"मले नाहीत. पाचोळ्यात बसून एक-एक फूल शोधाचं म्हणजे गुडघे पाह्यजेत. डोळे पाह्यजेत. जाळलं का जमीन काळी होते, फूल पांढरं दिसते, झटझट उचलते. आणि मी वेचून होवोस्तोवर चितळं थांबतात का? डुकरं थांबतात का?" मग सुनेकडे मान करून, "जाळी येणार होती. कुठं आली?"

झाडाखाली अंथरायची जाळी एका संस्थेने कबूल केली होती. ती मोहाचा हंगाम संपल्यावर पोचेल असा निरोप होता. आजी काही हट्टाने बोलत नव्हती, हे मला कळलं. तिचं म्हणणं बरोबर होतं आणि पुष्पाचंही.

झाडलेला कचरा

पहिल्या सकाळी आम्ही उजाडताच आजीच्या झाडाखाली गेलो. फुलं पडत होती, खांद्यावर, डोक्यावर, पाचोळ्यात. वास असा की वाटलं कोणी गुळाचा पाक उकळतंय. आम्ही वेचलं, पण पाचोळ्यात हात घालावा तेव्हा तीन पानांखाली एक फूल. उन्हं वर आली तरी आजीची टोपली निम्मी झाली नाही. आजी एका दगडावर बसून गुडघा चोळत होती. तेच पुष्पाला लागलं.

दुपारी वस्ती आडवी झाली. मला दुपारी झोप येत नाही. मी विचार केला, आग नको आणि पाचोळाही नको, म्हणजे काम सोपं आहे. खराटा घेतला आणि झाडाखालचा सगळा भाग झाडून काढला. वसतिगृहाचं अंगण झाडून घेतो तसा, कोपऱ्यांसकट. पाचोळ्याचा ढीग कडेला नेऊन खाली ढकलला. काळा कातळ असा लख्ख निघाला की त्यावर पंगत बसवावी. मग मी सगळ्यांना बघायला बोलावलं.

पुष्पाने कपाळाला हात लावला. आजी मात्र पोट धरून हसली.

"वा वं बाई. मी काडीनं करते ते हिनं खराट्यानं केलं. पाहा अध्यक्ष, तुही मैत्रीण माह्या पार्टीची निघाली."

मग पुष्पाने मला कातळ दाखवला. माती कुठेच नव्हती. जी चिमूट होती ती पाचोळ्याबरोबर मी खाली ढकलली होती. जून लागला की पहिलं पाणी या उघड्या दगडावरून घसरून थेट ओढ्याला जाणार. पाचोळा असला तर ते थांबतं, भेगेत उतरतं, आणि त्या विटकरी रेघेपाशी मार्चमध्ये बोटभर धार म्हणून निघतं. आम्ही जिथे तोंड धुतलं, ते पाणी असं येतं. खालच्या काळ्या जमिनीत एखाद्या वर्षी पाचोळा जळला तर झाड सोसून घेतं. इथे पाचोळा हीच जमीन.

"आता?" मी विचारलं.

"आता आण परत," पुष्पा म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी झाडलेला कचरा परत आणून पसरला. टोपल्या भरभरून, चढावर. कुसुमताई मदतीला होत्या आणि तोंडही चालू होतं: "घरी सांगू नको वं वंदना. माहा भाऊ म्हणेल, बायको पाठवली एक, आली भलतीच."

पाचोळा पसरता पसरता त्याच थांबल्या. झाडापासून थोडं वर, दगडाची एक पायरी होती. तिच्या आडोशाला, माझा खराटा जिथून फिरला होता त्याच्या वीतभर पलीकडे, चार पानांचं एक रोप होतं.

"हे कायचं रोप?"

पुष्पा गुडघ्यांवर आली. म्हणाली, "मोह वाटते." पण तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. जनाआजी काठी टेकत आली. तिने पानाचं टोक नखाने खुडलं. दुधाचा थेंब आला. तो तिने बोटावर घेतला, हुंगला.

"मोहच हाय."

मग ती इकडेतिकडे बघू लागली, आणखी असतील म्हणून. नव्हतं. पुष्पा मला नंतर म्हणाली, हीच तिची खरी काळजी होती. वस्तीची सगळी मोहाची झाडं म्हातारी आहेत, खाली एकही पोर नाही. बी पडतं, रुजतं, आणि पुढच्या मार्चमध्ये जळतं. या एका रोपाला दगडाच्या पायरीने मागच्या खेपेला वाचवलं असणार.

"लग्न होऊन आली तवा हे झाड एवढंच होतं," आजी म्हणाली. "याच्या खाली पोर म्या पाहिलं नाही."

"दरसाल जाळल्यावर दिसंल कसं, माय?" पुष्पा हळूच म्हणाली.

आजीने विडी काढली, काडीपेटी काढली, मग दोन्ही परत ठेवलं. "एका पोरानं टोपली भरत नाही. परवा सकाळलोक वाट पाहीन. टोपली भरली तर ठीक. नाही तर माह्या झाडाखाली मी माह्या रीतीनं करीन. मंग ग्रामसभा मले काय फाशी देते ते पाहू."

जास्तीच्या दोन, आणि उरलेल्या चार

त्या रात्री अंथरूण घालताना कुसुमताई चादरीचं टोक हातात धरून उभ्या राहिल्या.

"वंदना, आपण कापूस वेचतो तं फडकं अंथरतो ना वं."

मी त्यांच्याकडे बघितलं, मग चादरींकडे. ही कल्पना पूर्णपणे त्यांची, हे लिहून ठेवते, कारण खाप्यात हा लेख वाचला जाणार आहे.

दुसऱ्या सकाळी आम्ही सहाही चादरी घेऊन गेलो. पहिला प्रयत्न साफ फसला. मी कोपरे ठोकायला खिळे मागितले. पहिला खिळा दगडावर वाकला, दुसरा उडून गेला. चादरी नुसत्या अंथरल्या तर झाड उतारावर, फुलं घरंगळून खालच्या पाचोळ्यात जाऊन बसली. त्यात वानरं आली. एकाने माझ्या पांघरायच्या चादरीवर बसून निवांत फुलं खाल्ली. वरून जनाआजी गोंडीत काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?" मी पुष्पाला विचारलं.

"सांगण्यासारखं नाही," पुष्पा म्हणाली.

पण संध्याकाळी आजी स्वतः उठली. खिळ्यांची जागा दगडांनी घेतली. चपटे काळे दगड, चादरीच्या वरच्या कडेला ओळीने. खालची कड तिने दुमडून दोन काठ्यांना बांधली, झोळीसारखी. म्हणजे घरंगळणारं फूल आपणच येऊन झोळीत बसणार. जो उतार मला अडचण वाटला होता, तो तिने कामाला लावला. दोन चादरींमध्ये फट राहू नये म्हणून काठाला काठ मोठ्या टाक्यांनी शिवला. पाचोळा खाली तसाच.

एकच अडचण राहिली. रोप. ते बरोबर सगळ्यात वरच्या चादरीखाली येत होतं, आणि ती चादर माझ्या मुलाच्या लग्नातली होती, निळ्या बुट्टीची.

"फट सोडा तिथे," मी म्हणाले.

"फट सोडली तं त्यात फुलं पडतील. मंग पुन्हा शोध," आजी म्हणाली. आणि मी पुढे काही म्हणायच्या आत तिने विळ्याने चादरीला वीतभर भोक पाडलं, रोपाची चार पानं त्यातून अलगद वर काढली आणि भोवती चार दगड ठेवले.

मी तोंड उघडलं. कुसुमताईंनी माझा दंड धरला. "बोलू नको," त्या कानात म्हणाल्या. "म्हातारी तुही चादर नाही फाडून राहिली, काडीपेटी सोडून राहिली."

तिसरी सकाळ

आम्ही पोचलो तेव्हा आजी आधीच तिथे होती, झोळीच्या खालच्या कडेला, पाय पसरून बसलेली. वरून फुलं पडत होती. पाचोळ्यात पडताना त्यांचा आवाज होत नाही. ताणलेल्या कापडावर होतो. टप्प, मग एक सरसर, आणि फूल आजीच्या पुढ्यात. ती बसल्या जागी दोन्ही हातांनी टोपलीत भरत होती. वानरांसाठी कुसुमताई काठी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्याशी खाप्याच्या भाषेत बोलत होत्या.

ऊन कातळावर यायच्या आत टोपली भरली. आजीने वरून दाबून पाहिली, दुसरी मागवली. शेजारच्या झाडाखालच्या दोन बायका काम सोडून बघायला आल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "आजी, तू तं पाटलीण झाली. बसून वेचते."

"तुही चादर आण, तू बी हो," आजी म्हणाली.

परत आल्यावर तिने चहा ठेवला. पदराची गाठ सोडली, काडी ओढली, चूल पेटवली. मग काडीपेटी परत पदरात बांधली. पुष्पाने ते पाहिलं, मीही पाहिलं. आजी म्हणाली, "हंगाम लई पडला आहे अजून."

चादरी आम्ही तिथेच सोडल्या. निघताना मी सामानाची यादी पडताळली आणि 'चादरी सहा' यावर रेघ मारली. आजीला ते आवडलं नाही. "लोकाचं कापड मी ठेवत नाही," ती म्हणाली. "धाडीन."

बेशात परतल्यावर

एप्रिलभर मी फोनवर एकच विचारायचे आणि पुष्पा एकच सांगायची: नाही, अजून कोणी लावली नाही. दोन झाडांखाली जुन्या साड्या आल्या, एकाखाली खताच्या पोत्यांची शिवलेली ताडपत्री. एके दिवशी पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला तेव्हा वस्तीतली सगळी माणसं फांद्या घेऊन धावली, त्यात आजीही होती म्हणे, मागून, सगळ्यांना शिव्या देत. इकडे आमच्या गल्लीत रोज सकाळी पाचोळ्याचे ढीग जळतात. मी आमच्यापुरते ते थांबवलेत आणि पाचोळा कुंपणाच्या आत जांभळीखाली टाकते. शेजारी म्हणतात, यंदा तुमचं अंगण जरा अव्यवस्थित दिसतं.

मे संपता संपता खाप्याहून कुसुमताई आल्या. पुष्पाच्या गावचं कोणी खाप्याजवळच्या सावनेरच्या बाजाराला आलं होतं, त्याच्या हाती जनाआजीने एक गाठोडं त्यांच्याकडे पाठवलं होतं. आत सहा चादरी, धुतलेल्या, घडी घातलेल्या. डाग गेले नव्हते, आणि वासही नाही. मी एकेक उलगडली. निळ्या बुट्टीच्या चादरीवरचं भोक तसंच होतं, बुजवलेलं नव्हतं. त्याच्या कडेने बारीक, घट्ट टाके घालून तुरपाई केली होती, कापड पुढे उसवू नये म्हणून. शर्टाला काज करतात तशी.

"काही निरोप?" मी विचारलं.

"हो," कुसुमताई म्हणाल्या. "पुढच्या मार्चमध्ये येताना हीच आण म्हणे. आणि कात्री आण. भोक मोठं करा लागंल."